तळ्याकाठचे ऑडिटर

टाचणीकाकांना शोधायला निघालात तर माणसाच्या उंचीवर नजर ठेवू नका. ते आडवे असतात. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगला किराव्हिलच्या बोटॅनिक गार्डनमधलं बदकांचं तळं, फेअरी मेडोची पकीज इस्टेट, पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्याला खेटून असलेली टॉम थम्ब लगून, अशा कुठल्याही ओल्या जागी काठच्या गवतातून रबरी बुटांची जोडी बाहेर आलेली दिसली आणि आतून ‘बस रे मेल्या, जरा बस’ असं देवगडी आर्जव ऐकू आलं, की समजावं, काका कामावर आहेत.

टाचणी म्हणजे चतुराच्या भाऊबंदकीतली सडपातळ शाखा. चतुर बसला की पंख आडवे पसरून बसतो, टाचणी बहुधा पाठीवर मिटून बसते. बहुतेक चतुरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात; टाचणीचे दोन डोळे डोक्याच्या दोन टोकांना, मध्ये भरपूर मोकळी जागा. लहानपणी आपण दोघांनाही हेलिकॉप्टर म्हणून मोकळे झालो. काकांसमोर तो शब्द काढायची सोय नाही. ‘नोकरीभर कागदांना टाचण्या टोचल्या, आता टाचण्या यांना टोचतायत,’ एवढंच काकूंचं या विषयावरचं भाष्य आहे.

काका मूळचे देवगडचे, महाराष्ट्र शासनाच्या स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागातून निवृत्त झाले. म्हणजे ग्रामपंचायती, पंचायत समित्या, जिल्हा परिषदा यांची दप्तरं तपासायची आणि आक्षेप काढायचे. एका ग्रामपंचायतीने सलग दोन वर्षं त्याच खड्ड्यांत तीच झाडं लावल्याचं दाखवलं होतं, ते यांनी रोपांच्या पावत्यांवरून पकडलं. ही हकिकत त्यांनी मला फिगट्री ते किराव्हिल एवढ्या छोट्या प्रवासात सांगितलेली आहे, आणि परत येतानाही. मी त्यांची शेजारीण. माझ्याकडे गाडी आहे, त्यांच्याकडे इथला परवाना नाही, आणि मला नाही म्हणता येत नाही. या लेखाला लागणारी सगळी पात्रता एवढीच.

काकांचा मुलगा इथल्या पोलाद कारखान्यात इंजिनियर, सून नोकरी करणारी, नातू शाळेत. सिडनीच्या दक्षिणेला ऐंशी किलोमीटरवर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला इलावाराचा उभा कडा यांच्यामध्ये चिंचोळं पसरलेलं हे गाव. काका मुलाकडे राहायला आले आणि त्यांच्या लक्षात आलं की इथे तपासण्यासारखं काही नाही. पहिले काही महिने त्यांनी घर तपासलं. सुपरमार्केटच्या पावत्या फ्रीजमधल्या मालाशी ताडून पाहिल्या. हिशेब बरोबर निघाला, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. विजेचं बिल तपासलं. डिशवॉशरमध्ये भांडी कशी रचावीत यावर सुनेला तोंडी आक्षेप कळवला आणि अनुपालनाची वाट बघत स्वयंपाकघरात उभे राहिले. सून हुशार. मूल झाल्यावर कपाटात गेलेला तिचा कॅमेरा आणि शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स तिने काढून पुसली आणि सासऱ्यांच्या हातात दिली. म्हणाली, ‘बाबा, बाहेर जाऊन फुलांचे फोटो काढा.’ तिचा हेतू ‘बाहेर जाऊन’ या दोन शब्दांपुरताच होता, हे काका सोडून सगळ्यांना कळलं.

फुलं काकांना रुचली नाहीत. ‘फुलात लपवाछपवी नाही गं,’ असं ते मला म्हणाले. ‘सगळं उघड्यावर. तपासणार काय?’ तळ्यावर मात्र निळ्या टोकाच्या टाचण्या लव्हाळ्यावर बसलेल्या होत्या आणि तिथे त्यांना पहिला गैरव्यवहार सापडला.

इश्नुरा हेटेरोस्टिक्टा हे त्या टाचणीचं नाव. ऑस्ट्रेलियात कुठल्याही डबक्यावर दिसते, इंग्रजीत तिला साधी निळशेपटी म्हणतात. नर निळा. प्रौढ मादी हिरवट-करडी. इथपर्यंत कुणाचाच आक्षेप नाही. पण हिची कोवळी मादी, जी अजून अंडी घालायच्या वयाला आलेली नाही, ती नरासारखी निळी असते! नर तिला आपल्यातलाच समजतात आणि सोडून देतात. वयात आली की ती रंग बदलते. म्हणजे तळ्यावर निळ्या रंगाची जेवढी हजेरी लागते त्यातले काही नर खरे, काही कागदोपत्री. काकांनी हे वाचलं त्या दिवशी ते दुपारी झोपले नाहीत. सेवानिवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी त्यांना फसवायला निघालं होतं. त्यांनी नोंदवही घातली. पहिल्या पानावर ‘या नोंदवहीत एकूण ९६ पाने आहेत, असे प्रमाणित करण्यात येते’ असं लिहून खाली सही केली आणि रकाने आखले. दिनांक, वेळ, तापमान, वारा, नर, मादी, ‘नर भासणारी मादी’, शेरा. त्या सातव्या रकान्यातल्या पहिल्या नोंदीपुढे शेरा आहे, ‘दस्तऐवज बनावट, परंतु कारण रास्त. ग्राह्य.’

त्यांच्या खात्यात एवढं उदार वाक्य त्यांनी कधी लिहिलं असेल असं वाटत नाही.

टाचणीचं पोट दहा खंडांचं असतं, आणि काकांचं सगळं आयुष्य आता त्यातल्या शेवटच्या तीन खंडांवर चालतं. निळा रंग कुठे सुरू होतो, कुठे संपतो, दहावा वरून काळा आहे की कसं. फोटो काढणं हे त्यांच्या लेखी कलेचं काम नाहीच. फोटो म्हणजे व्हाउचर. व्हाउचरवर सगळं वाचता आलं पाहिजे, डोळ्यांपासून शेपटीच्या शेवटच्या आकड्यापर्यंत. आता मॅक्रो लेन्सचा स्वभाव असा, की इतक्या जवळून जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो, पुढचं-मागचं सगळं धुक्यात. आणि टाचणी तीन सेंटिमीटर लांब. डोळे नीट आले तर नववा खंड वाहून जातो, नववा धरला तर डोळे जातात. उपाय एकच, कॅमेरा तिच्या अंगाला अगदी समांतर धरायचा. ती लव्हाळ्यावर ज्या कोनात तिरकी बसली असेल त्या कोनात आपणही तिरकं व्हायचं, चिखलात, श्वास रोखून, साठी उलटलेल्या गुडघ्यांवर. गुडघ्यांसाठी काकांनी बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानातून फरशी बसवणाऱ्या कारागिरांचे पॅड आणलेत. फ्लॅशचा उजेड मऊ पडावा म्हणून दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनचा तुकडा कापून रबरबँडने लावलाय. अंगावर जुना खाकी सदरा, डोक्यावर काठाची टोपी, टोपीवर जाळी. काकू म्हणतात, ‘या वेशात देवगडच्या स्टँडवर उतरले असते तर पोलिसपाटलाने बसवून ठेवलं असतं.’

टाचणीलाही हे सगळं दिसतं. सावली पडली की ती लगेच उडत नाही, काडीवरच सरकत सरकत मागच्या बाजूला जाते. काडीएवढंच अंग, त्यामुळे पूर्ण दडते. फक्त डोळे काडीपेक्षा रुंद. ते दोन्ही बाजूंनी बाहेर राहतात आणि आपल्याकडे रोखून बघतात. काका डावीकडे सरकले की ती उजवीकडे. हे अर्धा अर्धा तास चालतं. ‘तपासणीला गेलो की ग्रामसेवक असाच कपाटामागे उभा राहायचा,’ काका कुजबुजतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका निखळ आनंद असतो की माझाही राग जातो. राग अशासाठी, की मी ‘पाच मिनिटांत येतो’ यावर विश्वास ठेवून गाडीत बसलेली असते.

वारा हा त्यांचा एकमेव शत्रू. वॉलॉंगॉंगमध्ये हिवाळा सरता सरता पश्चिमेचा वारा कड्यावरून खाली कोसळतो, उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून येतो, आणि मधूनच दक्षिणेकडून असा येतो की वाळत घातलेले कपडे शेजारच्या अंगणात सापडतात. काडी हलली की फोटो गेला. नोंदवहीच्या वाऱ्याच्या रकान्यात सुरुवातीला ‘मंद’, ‘मध्यम’ असे शब्द आहेत. पुढे ‘बेजबाबदार’ असा एक येतो.

इथली माणसं चालता चालता अनोळखी माणसाची चौकशी करतात. कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाईंनी काकांना गवतात पाहून विचारलं, काही छान सापडलं का? काकांनी नजर न हलवता, टाचणी उडू नये म्हणून अगदी खालच्या आवाजात सांगितलं, ‘यंग फिमेल्स. प्रिटेंडिंग टू बी मेल्स.’ बाईंनी कुत्र्याची दोरी आवळली आणि वेग वाढवला.

दुसऱ्या एका गृहस्थाने तर विचारलंच नाही. तळ्याकाठी वयस्कर माणूस पालथा, निश्चल, एक हात पुढे पसरलेला. त्याने सरळ तीन वेळा शून्य दाबून रुग्णवाहिका बोलावली. रुग्णवाहिकेतले दोघे तरुण बॅगा घेऊन धावत आले तेव्हा काकांनी त्यांना दुरूनच हाताने ‘सावली! सावली!’ अशा खुणा केल्या, ज्या त्यांना स्वाभाविकपणे मदतीच्या वाटल्या. शेवटी टाचणी उडाली, काका उठून बसले, आणि आलोच आहोत तर तपासून जाऊ म्हणून त्यांनी रक्तदाब घेतला. उत्तम निघाला. काकांनी तो त्या दिवसाच्या शेऱ्यात नोंदवला, आणि या भेटीचं बिल येईल का, येणार असेल तर कुठल्या दराने, हे विचारून घेतलं.

लाल पोटाचा काळा साप हा मात्र खराखुरा प्रसंग. इथल्या पाणथळींत तो असतोच, विषारी असतो, बेडूक खातो आणि माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पकीज इस्टेटमध्ये तो काकांच्या कोपरापासून हातभर अंतरावरून सावकाश गेला. मी वाटेवर उभी होते, माझ्या घशातून आवाज फुटेना. साप गेल्यावर मी ओरडले, ‘काका, साप!’ ते म्हणाले, ‘पाहिला. तो बेडकांसाठी आला होता. कार्यक्षेत्र वेगळं.’

पण काकांची खरी कीर्ती झाली ती लग्नात.

शनिवारी बोटॅनिक गार्डनमध्ये लग्नं असतात. तिथे जपानी धाटणीचा एक लाल पूल आहे, वॉलॉंगॉंगचं जपानमधलं भगिनीशहर जे कावासाकी, त्याच्या नावाचा. त्या पुलावर उभं राहून फोटो काढल्याशिवाय इथलं लग्न लागल्यासारखं वाटत नाही. त्या शनिवारी नवरा-नवरी पुलावर उभे आणि खाली काठावर, फोटोच्या चौकटीच्या बरोबर मध्यभागी, काका. छायाचित्रकार मुलगा सभ्य होता. त्याने येऊन अगदी अदबीने विचारलं, सर, थोडं बाजूला होता का? काकांनी एक बोट वर केलं. ‘टू मिनिट्स. दे आर ऑल्सो गेटिंग मॅरिड.’

हे ऐकून नवरी खळखळून हसली आणि झगा गोळा करून खाली बघायला आली. तिच्यामागे नवरा, त्याच्यामागे पाठराखे, सगळी वरात काठावर वाकली. काकांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवलं. लाल-निळ्या टाचण्यांची जोडी. नराने शेपटीच्या टोकाने मादीची मान पकडलेली, मादीने आपलं पोट पुढे वळवून त्याच्या पोटाशी नेलेलं, आणि दोघांच्या अंगाची मिळून झालेली आकृती हुबेहूब बदामाची. नवरी विरघळली. ‘इट्स अ हार्ट!’ छायाचित्रकाराने त्याचाही फोटो घेतला. काका तिथे थांबले असते तर त्या जोडप्याच्या घरी आज त्यांचा फोटो चौकटीत असता.

पण तपासणी अर्धी सोडणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी नवरीला समजावून सांगितलं, की १९७९ साली जोनाथन वागे नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका टाचणीवर दाखवून दिलं, की नर आधी आपल्याच अवयवाने आधीच्या नराचं वीर्य खरवडून बाहेर काढतो आणि मग स्वतःचं ठेवतो. नंतर अनेक जातींत अंडी घालून होईपर्यंत तो तिची मान सोडत नाही. तिच्याबरोबर पाण्यापर्यंत जातो, तिथे ताठ उभा राहतो. ‘पीपल थिंक इट इज लव्ह, मॅडम,’ काका म्हणाले. ‘इट इज इंटर्नल कंट्रोल.’

वरात एकदम शांत झाली. नवरदेवाने का कोण जाणे आपल्या बेस्ट मॅनकडे पाहिलं.

मी हे तिथे उभी राहून ऐकलंय, आणि गाडीत बसल्यावर काकांना विचारलंही, की आजच्या दिवशी ते सांगायची गरज होती का. त्यांना प्रश्नच कळला नाही. ‘वस्तुस्थिती आहे,’ ते म्हणाले. माणसांशी वागताना ज्या गुणाने हा माणूस नकोसा होतो तोच गुण तळ्याकाठी कामाला येतो, हे मला त्या दिवशी नीट कळलं. लोकांना सोयीचं असेल तेवढंच बघणं काकांना जमत नाही. चाळीस निळ्या टाचण्या दिसल्यावर ‘पुष्कळ आहेत’ म्हणून पुढे जाणं त्यांना जमत नाही. त्यातल्या सदतिसाव्या टाचणीचा नववा खंड वेगळा दिसला तर रात्री झोप लागत नाही.

निसर्गप्रेमी मंडळींत अर्थात वर्णव्यवस्था आहे, आणि काकांनी तिची उतरंड उलटी लावून घेतली आहे. सर्वांत खाली पक्षीवाले. मोठ्या पांढऱ्या लेन्सा घेऊन ते काठावरून चालत जातात आणि त्यांच्या बुटांखाली काय काय उडून जातं याचा त्यांना पत्ता नसतो. ‘पक्षी स्वतः ओरडून नाव सांगतो, त्यात यांचं कर्तृत्व काय?’ त्यांच्यावर फुलपाखरूवाले, कारण निदान वाकतात. मग चतुरवाले. चतुरांबद्दल काकांच्या मनात संशय आहे. पँटाला फ्लॅवेसेन्स नावाचा पिवळसर चतुर पावसाळ्यात महाराष्ट्रभर घोंघावतो, मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातो असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडलं, आणि तोच चतुर उन्हाळ्यात वॉलॉंगॉंगच्या क्रिकेटच्या मैदानांवरही दिसतो. मला हे ऐकून भरून आलं होतं. गावाकडचं कुणीतरी भेटल्याचं वाटलं. काका म्हणाले, ‘प्रवासभत्ता खाणारा आहे तो. एका जागी बसून काम करत नाही.’

त्यांची दैवतं वेगळी. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेत १९३३ ते १९३६ दरम्यान भारतातल्या चतुर-टाचण्यांचे तीन खंड लिहिणारे फ्रेझर हे पलटणीतले डॉक्टर. ‘द बायॉलॉजी ऑफ ड्रॅगनफ्लाइज’ हा ग्रंथ १९१७ साली लिहिणारे टिलयार्ड हे आधी सिडनी ग्रामर स्कूलमध्ये गणिताचे मास्तर. ‘डॉक्टर चालतो, मास्तर चालतो, मग लेखापरीक्षकाने काय घोडं मारलंय?’ असा त्यांचा सवाल असतो आणि तो बिनतोड आहे.

घरच्यांचं काय, असं विचाराल तर काकूंनी जुळवून घेतलंय. महिन्यातून एकदा हेलेन्सबर्गच्या व्यंकटेश्वराला जायचं हा त्यांचा नेम. १९८५ साली झालेलं हे देऊळ वॉलॉंगॉंगच्या उत्तरेला रानाच्या कडेला उभं आहे, आणि दर्शन घ्यावं, कँटीनमध्ये डोसा खावा, यापलीकडे काकूंची अपेक्षा नाही. काका प्रदक्षिणा घालतात, पण बाहेर पडल्याबरोबर ओढा कुठल्या बाजूला आहे ते बघतात. बर्कलीच्या नान टिएन बौद्ध मंदिरात तर ते दर्शनाआधीच कमळांच्या तळ्याशी बसले. काकू आत जाऊन दोघांच्या वाटचे हात जोडून आल्या. म्हणाल्या, ‘बुद्धाला सांगितलं, यांना मोक्ष नको, एक छान खुर्ची दे.’

पाहुण्यांचे हाल मात्र खरे. गणपतीला यांच्याकडे बरीच मराठी मंडळी जमतात. मोदकांचं ताट हातात आलेला माणूस उठून जाऊ शकत नाही हे ओळखून काका त्याच क्षणी लॅपटॉप उघडतात. एकाच टाचणीचे ओळीने पंचवीस फोटो. आपल्याला ते सारखे दिसतात. तसं म्हटलं तर काका पुन्हा पहिल्यापासून दाखवतात. ‘रंग काय सुरेख आहेत हो!’ असं कुणी कौतुकाने म्हणालं की त्यांचा चेहरा पडतो. रंगाचं काय घेऊन बसलात, खंड बघा! एकदा एका शाळकरी मुलीने विचारलं, ‘आजोबा, हिच्या मागे दोन काटे आहेत आणि त्या आधीच्या फोटोत नव्हते, ते का?’ काकांनी तिच्या ताटात आणखी दोन मोदक वाढायला सांगितले. मुलीच्या आईला वाटलं, प्रेमाने. ते बक्षीस होतं.

टॉम थम्ब लगूनवर ते सगळ्यांत जास्त रमतात, आणि ती जागा सुंदर मुळीच नाही. १७९६ साली बॅस आणि फ्लिंडर्स हे दोघे दर्यावर्दी ‘टॉम थम्ब’ नावाच्या चिमुकल्या होडीतून या किनाऱ्यावर आले, तिचं नाव या लगूनला मिळालं. बंदुकीची भिजलेली दारू उन्हात वाळेपर्यंत इथल्या मूळ रहिवाशांचं लक्ष गुंतवून ठेवायला फ्लिंडर्सने कात्री घेऊन त्यांच्या दाढ्या कातरल्या, असं त्याने स्वतः लिहिलंय. (‘दौऱ्यावरचा किरकोळ खर्च,’ काका.) पुढे लगूनचा मोठा भाग बंदराच्या आतल्या गोदीने गिळला, उरलेल्यावर शहराचा कचरा पडत राहिला, आणि नंतर लोकांनी झाडं लावून त्यातला तुकडा पुन्हा हिरवा केला. एकीकडे कोळशाचे ढीग, एकीकडे पोलाद कारखान्याची धुराडी, आणि मधल्या लव्हाळ्यात इश्नुरा ऑरोरा, जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीचा नर, पिवळ्या-तांबड्या अंगाचा, टोकाला निळा ठिपका लावून बसलेला. मुलगा त्या धुराड्यांखाली पगार मिळवतो, बाप कुंपणाबाहेर पालथा पडून ही नोंद करतो.

देवगडच्या गोष्टीवर ते फारसं बोलत नाहीत. २०१९ साली शंतनु जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी सिंधुदुर्गातून टाचणीची एक नवी जात जाहीर केली, सेरियाग्रियॉन क्रोमोथोरॅक्स. ती सापडली काकांच्याच देवगड तालुक्यात. बातमी आली त्या दिवशी काका माझ्या दारात उभे राहिले आणि अभिमानाने म्हणाले, ‘आमच्याकडे हापूस सोडूनही काही आहे म्हटलं!’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘त्या पाणथळींतून चालत शाळेत गेलो गं मी.’ पुढच्या वेळी नोंदवही हाती आली तेव्हा त्या तारखेला तळ्यावरची काहीच नोंद नव्हती. शेऱ्यात फक्त ‘देवगड. बालपणी निदर्शनास आली नाही. आक्षेप मान्य’ एवढं होतं.

जगात चतुर आणि टाचण्या मिळून सहा हजारांवर जाती आहेत. त्यांतल्या दुर्मीळ असतील त्यांच्यामागे थोडे तरी लोक असतात. इथल्याच कड्यामागच्या पठारावर दलदली आहेत, खाली कोळशाच्या खाणी आहेत, आणि खाणकामाने जमीन खचून दलदली कोरड्या पडतात यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. पेटाल्युरा जायगँटिया हा महाकाय चतुर अशाच डोंगरी दलदलींचा रहिवासी. त्याची अळी बिळात राहून वर्षंच्या वर्षं काढते आणि न्यू साउथ वेल्सने त्याला संकटग्रस्त ठरवलंय. त्याच्यासाठी अहवाल लिहिले जातात. बदकांच्या तळ्यावरच्या साध्या निळशेपटीसाठी कोण लिहिणार? ती कमी होऊ लागली तर पूर्वी किती होती हे सांगणारा कागद लागेल. वॉलॉंगॉंगच्या निदान तीन तळ्यांपुरता तो कागद आहे, पानं प्रमाणित करून, खाली सही करून, मराठीत. असा माणूस घरात असण्याचा त्रास मी बघितलेला आहे. गावात मात्र तो हवा.

तेव्हा इकडे कधी आलात तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये या, ऊन पडलेली आणि वारा पडलेली सकाळ निवडा, आणि तळ्याकाठी काका दिसले तर जवळ जाण्याआधी आपली सावली कुठे पडते ते बघा. नमस्कार ते उठल्यावर करा, आधी नको. फोटो दाखवले तर रंगांचं कौतुक करू नका. निळा कितव्या खंडापासून सुरू होतो ते विचारा, आणि मग दुपारी कुठे जायचं ठरवलं असेल तर तिथे कळवून टाका, की आता येणं होणार नाही.